विश्लेषण : टाळ्या वाजवणारा प्रेक्षक पाठलाग का करू लागतो? रंगमंचावरील कलाकाराच्या एकतर्फी वेडामागे काय असते?

केंब्रिज डिक्शनरीने २०२५चा ‘वर्षातील शब्द’ म्हणून ‘पॅरासोशल’ या शब्दाची निवड केली. आपण जिला ओळखतो, पण जी आपल्याला ओळखत नाही, अशा प्रसिद्ध व्यक्तीशी मनोमन जडलेले नाते, असा त्याचा साधारण अर्थ. गायिका टेलर स्विफ्टच्या साखरपुड्याची बातमी घरातल्या कार्यासारखी साजरी करणारे चाहते आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चॅटबॉटला जिवलग मानणारे वापरकर्ते यांमुळे हा शब्द चर्चेत आला. शब्दाची चर्चा नवी असली तरी त्यामागचा अनुभव बराच जुना आहे. सुमारे २०० वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये एक एकाकी तरुण रंगमंचावरील अभिनेत्रीच्या प्रेमात असाच बुडाला होता. त्या वेडातून पाश्चात्त्य संगीतातील एक थोर रचना जन्मली, म्हणून ही कथा प्रेमकथा म्हणून सांगितली जाते. मात्र त्या अभिनेत्रीच्या बाजूने पाहिले तर ती वेगळी दिसते.

पॅरिसमध्ये नेमके काय घडले?

११ सप्टेंबर १८२७ रोजी पॅरिसच्या ओदेऑन नाट्यगृहात इंग्लंडहून आलेल्या नाटक मंडळीने शेक्सपिअरचे ‘हॅम्लेट’ सादर केले. ऑफेलियाची भूमिका हॅरिएट स्मिथसन या २७ वर्षांच्या आयरिश अभिनेत्रीकडे होती. लंडनच्या रंगभूमीवर त्यांना फार मोठे स्थान नव्हते, पण पॅरिसने त्यांना एका रात्रीत डोक्यावर घेतले. ऑफेलियाच्या वेडाच्या प्रवेशातील त्यांच्या अभिनयाने प्रेक्षागृह हेलावून गेले. त्यांच्यासारखी केशरचना करण्याची टूम शहरात निघाली.

प्रेक्षकांत हेक्टर बर्लिओझ हा २३ वर्षांचा संगीताचा विद्यार्थी होता. वैद्यकीय शिक्षणासाठी पॅरिसला आलेल्या बर्लिओझ यांनी ते अर्धवट सोडले होते, त्यामुळे घरच्यांशी संबंध ताणलेले होते आणि पैशांची ददात होती. पोटासाठी ते एका नाट्यगृहाच्या समूहगायनात उभे राहत. त्यांना इंग्रजी जवळपास येत नव्हते. म्हणजे ज्या ऑफेलियावर ते भाळले, तिचे शब्दही त्यांना नीट कळले नव्हते. चारच दिवसांनी त्यांनी स्मिथसन यांना ज्युलिएटच्या भूमिकेत पाहिले आणि उरलासुरला तोल गेला. झोप उडाली, काम सुचेना. पॅरिसच्या रस्त्यांतून आणि शहराबाहेरच्या शेतांतून ते दिवसरात्र भटकत राहिले. थकून कुठे तरी पडावे आणि उठून पुन्हा चालू लागावे, असे ते दिवस त्यांनीच आत्मचरित्रात वर्णिले आहेत.

स्मिथसन यांना हे कसे दिसत होते?

बर्लिओझ यांनी त्यांना पत्रांवर पत्रे पाठवली. एकाही पत्राचे उत्तर आले नाही. पुढे तर या माणसाची पत्रे घेऊच नयेत, असे स्मिथसन यांनी आपल्या मोलकरणीला बजावले. नकार याहून स्पष्ट असू शकत नाही. पण एकतर्फी वेडात नकार ऐकूच येत नाही. ‘तिला अजून आपली योग्यता कळलेली नाही’ असा त्याचा अर्थ लावला जातो. बर्लिओझ यांनीही तोच लावला. मे १८२८मध्ये त्यांनी केवळ स्वतःच्या रचनांची मैफल भरवली. ती स्मिथसन यांच्या कानावर जावी हा त्यामागचा हेतू होता. तिचा पत्ताही त्यांना लागला नाही.

एकदा दोघांची नावे एकाच मदतनिधी कार्यक्रमात आली. तालमीच्या वेळी बर्लिओझ नाट्यगृहात शिरले, तेव्हा मंचावर रोमिओ ज्युलिएटला उचलून नेत होता. ते दृश्य पाहून त्यांच्या तोंडून किंकाळी फुटली आणि ते बाहेर पळाले. घाबरलेल्या स्मिथसन यांनी सहकलाकारांना या माणसावर लक्ष ठेवायला सांगितले, त्याची नजर त्यांना ठीक वाटली नव्हती. ही हकिगत खुद्द बर्लिओझ यांनी नोंदवून ठेवली आहे. पुढे ते स्मिथसन यांच्या घराजवळच राहायला गेले. मार्च १८२९मध्ये अभिनेत्री बग्गीत बसून पॅरिस सोडताना त्यांनी खिडकीतून पाहिले. तोवर दोघांत एकही संभाषण झालेले नव्हते.

पत्रे, घराजवळचा मुक्काम, तालमीतील प्रवेश हे सारे आजच्या भाषेत मांडले, तर त्याला पाठलाग म्हणावे लागेल.

वेडातून सिम्फनी कशी जन्मली?

१८३०मध्ये बर्लिओझ यांनी ‘सिम्फनी फँटास्टिक’ रचली. ‘एका कलावंताच्या आयुष्यातील प्रसंग’ असे तिचे वर्णन त्यांनीच केले होते. पाच भागांच्या या रचनेत प्रेयसीसाठी एक सुरावट आहे आणि ती प्रत्येक भागात रूप बदलून परतते. तिला त्यांनी ‘इदे फिक्स’ म्हटले. हा फ्रेंच शब्दप्रयोग म्हणजे मनात रुतून बसलेली, हटता न हटणारी कल्पना. त्याच काळात फ्रेंच मनोविकारतज्ज्ञ एस्किरोल यांनी एकाच विचाराने झपाटलेल्या रुग्णांसाठी ‘मोनोमेनिया’ ही संज्ञा रूढ केली होती. आपल्या अवस्थेसाठी बर्लिओझ यांनी निवडलेला शब्द असा वैद्यकाच्या फार जवळचा होता.

सिम्फनीचे कथानक लक्षात घेण्यासारखे आहे. पहिल्या भागात तळमळ, दुसऱ्यात नृत्याच्या मेजवानीत दिसलेली ती, तिसऱ्यात माळरानावरचा एकांत आणि संशय. चौथ्या भागात अफूच्या अमलाखालील नायकाला स्वप्न पडते, की त्याने प्रेयसीचा खून केला आहे आणि त्याला वधस्तंभाकडे नेले जात आहे. पाचव्या भागात तीच प्रेयसी चेटकिणींच्या जत्रेत नाचत येते आणि तिची कोमल सुरावट थिल्लर, कर्कश होते. रचना आकार घेत असताना स्मिथसन यांच्याविषयीची एक बदनामीकारक वावडी बर्लिओझ यांच्या कानावर आली होती. ती खोटी होती. पण देवीची चेटकीण व्हायला तेवढी पुरली. आराधना आणि द्वेष यांच्यातील अंतर किती कमी असते, याचा इतका प्रामाणिक पुरावा क्वचितच मिळेल.

पुढे दोघांचे लग्न झाले, मग ही प्रेमकथा नाही का?

मधल्या काळात बर्लिओझ यांचे कामिय मोक या पियानोवादिकेशी लग्न ठरले. ते रोममध्ये असताना तिने दुसऱ्याशी विवाह केला. तेव्हा पिस्तुले आणि वेषांतराचे कपडे घेऊन ते सूड उगवायला निघाले आणि वाटेत नीस येथे भानावर आले. म्हणजे व्यक्ती बदलली तरी झपाटून जाण्याची रीत तीच राहिली.

९ डिसेंबर १८३२ रोजी पॅरिसमध्ये ही सिम्फनी आणि तिचा उत्तरभाग ‘लेलिओ’ सादर झाला. परिचितांनी स्मिथसन यांना तेथे आणले. प्रेक्षक आपल्याकडे का पाहत आहेत, हे त्यांना हळूहळू उमगले. सारे शहर जिच्याविषयी बोलत होते, ती प्रेयसी त्याच होत्या. यानंतर दोघे प्रथमच भेटले. पण पाच वर्षांत परिस्थिती पालटली होती. स्मिथसन यांची लोकप्रियता ओसरली होती आणि नाट्यव्यवसायातील तोट्यामुळे त्या कर्जात होत्या. मार्च १८३३मध्ये बग्गीतून उतरताना त्यांचा पाय मोडला. दोन्हीकडच्या कुटुंबीयांचा विरोध होता. बर्लिओझ यांच्या मनधरणीत जिवाचे बरेवाईट करण्याचा प्रकारही होता. अखेर ३ ऑक्टोबर १८३३ रोजी पॅरिसमधील ब्रिटिश वकिलातीत विवाह झाला. संगीतकार फ्रान्झ लिस्ट साक्षीदार होते.

एकाला दुसऱ्याची भाषा धड येत नव्हती. १८३४मध्ये मुलगा झाला. स्मिथसन यांची रंगभूमीवरील कारकीर्द जवळजवळ संपली, तर बर्लिओझ यांची बहरत गेली. मत्सर, मद्य, आजारपण यांत काही वर्षांतच संसार विस्कटला आणि दोघे वेगळे राहू लागले. पक्षाघाताने स्मिथसन यांची हालचाल आणि वाचा गेली. १८५४मध्ये त्यांचे निधन झाले. बर्लिओझ शेवटपर्यंत त्यांच्या खर्चाचा भार उचलत राहिले, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवे. पण ज्या ऑफेलियाशी त्यांना लग्न करायचे होते, ती नाटकाच्या संहितेत होती. घरात आली ती कर्ज, दुखापत आणि परकेपणा यांनी दमलेली एक स्त्री.

मानसशास्त्र याला काय म्हणते?

येथे तीन वेगळ्या अवस्थांची सरमिसळ होते. पहिली पॅरासोशल नात्याची. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अभ्यासकांनी १९५६मध्ये ‘सायकिअॅट्री’ या नियतकालिकात ही कल्पना मांडली. रेडिओ-टीव्हीवरील निवेदक थेट आपल्याशीच बोलतो आहे, असा भास श्रोत्याला होतो आणि त्यातून ओळखीची भावना तयार होते, असे त्यांचे निरीक्षण होते. त्यांनी अमेरिकी रेडिओवरील ‘लोन्सम गॅल’ या कार्यक्रमाचे उदाहरण घेतले होते. त्यात एक निनावी स्त्री एकाकी श्रोत्याशी लाडिक गप्पा मारत असे. या प्रकारचे नाते सर्रास आढळते आणि बहुतेकदा निरुपद्रवी असते.

दुसरी अवस्था ‘लिमरन्स’. डोरोथी टेनोव्ह यांनी १९७९मध्ये हा शब्द रूढ केला. समोरच्या व्यक्तीचा विचार मनात घुसत राहणे, तिच्या क्षुल्लक कृतीतही प्रतिसादाची खूण शोधणे, आशा आणि निराशा यांत हेलकावत राहणे ही तिची लक्षणे. यात व्यक्तीला प्रेम एकतर्फी असल्याचे कळत असते, पण सुटता येत नाही. बर्लिओझ यांची अवस्था या वर्णनाशी बरीच जुळते.

तिसरी अवस्था ‘इरोटोमेनिया’. हा मनोविकार आहे. फ्रेंच मनोविकारतज्ज्ञ द क्लेरांबो यांनी १९२१मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. यात एखादी प्रसिद्ध वा उच्चपदस्थ व्यक्तीच आपल्यावर प्रेम करते, अशी रुग्णाची पक्की खात्री असते. तिने नकार दिला तर ‘लोकांसमोर तिला तसे बोलावे लागते’ असा अर्थ तो लावतो. हा भ्रम असल्याने समजावून सांगून तो जात नाही. त्यासाठी उपचार लागतात.

एकाकीपणाचा यात वाटा किती?

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने जून २०२५मध्ये दिलेल्या अहवालानुसार जगात दर सहापैकी एका व्यक्तीला एकाकीपणा जाणवतो. १३ ते २९ या वयोगटात हे प्रमाण १७ ते २१ टक्के आहे. अर्थात प्रत्येक एकाकी माणूस कुणाच्या मागे लागत नाही. बहुतेकांना एखादा गायक, एखादी नटी आधारच देते. दिवसभर कुणी विचारपूस न केलेल्या माणसाला रात्री ओळखीचा आवाज ऐकून बरे वाटत असेल, तर त्यात वावगे काही नाही.

अडचण सुरू होते ती हा आधार इतर नात्यांची जागा घेऊ लागतो तेव्हा. खऱ्या नात्यात समोरचा माणूस चिडतो, कंटाळतो, आपल्याकडून काही मागतो. कल्पनेतल्या नात्यात असे काहीच घडत नाही, तेथे नकाराची भीती नसते. त्यामुळे प्रत्यक्ष माणसांत मिसळणे अधिकच जड वाटू लागते. एकाकीपणा वाढला की वेड वाढते आणि वेड वाढले की एकाकीपणा, असे हे चक्र आहे.

लिन मॅककचन आणि सहकाऱ्यांनी २००२मध्ये चाहतेपणा मोजण्यासाठी एक मापनपट्टी मांडली. तिच्यात तीन पायऱ्या आहेत. पहिली करमणूक आणि गप्पांपुरती, दुसरी तीव्र व्यक्तिगत ओढीची आणि तिसरी विकाराच्या सीमेवरची. बहुसंख्य चाहते पहिल्याच पायरीवर असतात.

रंगमंचावरील कलाकाराबद्दलच असे का होते?

नाटक वा मैफल ही प्रत्यक्ष देहाने घडणारी कला आहे. प्रेक्षक अंधारात असतो, कलाकार प्रकाशात. त्याची नजर प्रेक्षागृहावरून फिरते आणि शंभर जणांना ती आपल्यावरच थांबल्यासारखी वाटते. कलाकाराचे कसबच त्यात असते. शिवाय मंचावर तो ज्या उत्कटतेने रडतो, प्रेम व्यक्त करतो, ती उत्कटता रोजच्या आयुष्यात दुर्मीळ. ती भूमिकेची आहे, व्यक्तीची नाही, हे भान बहुतेकांना पडदा पडताच येते. मराठी रंगभूमीला तर याचा मोठा अनुभव आहे. बालगंधर्वांनी रंगवलेल्या नायिकांवर प्रेक्षक फिदा होते, त्यांच्या नेसण्या-सजण्याचे अनुकरण स्त्रिया करत. पण त्या नायिका नारायणराव राजहंस नावाच्या पुरुषाने उभ्या केल्या आहेत, हे सगळ्यांना ठाऊक होते. मोहिनी आणि भान दोन्ही एकत्र नांदू शकतात, ते असे.

समाजमाध्यमांनी हा पडदा विरळ केला आहे. कलाकार स्वयंपाकघरातून बोलतो, चाहत्याच्या एखाद्या प्रतिक्रियेवर ‘हार्ट’ देतो. हा प्रतिसाद अधूनमधून आणि अवचित मिळतो, म्हणून त्याची ओढ जास्त लागते. मिळेल की नाही हे ठाऊक नसलेले बक्षीस माणसाला सर्वाधिक खिळवून ठेवते, हे वर्तनशास्त्रातले जुने निरीक्षण आहे. कलाकाराच्या दृष्टीने तो हजारातला एक ‘हार्ट’ असतो, चाहत्याच्या दृष्टीने ते त्याच्या पत्राला आलेले उत्तर असते.

याला हिंसक वळण कधी लागते?

अशी प्रकरणे विरळ आहेत, पण ती घडली आहेत. १० जून २०१६ रोजी अमेरिकेतील ऑरलँडो येथे कार्यक्रमानंतर चाहत्यांना स्वाक्षऱ्या देत असलेल्या क्रिस्टिना ग्रिमी या २२ वर्षांच्या गायिकेची एका तरुणाने गोळ्या झाडून हत्या केली. तिच्या प्रेमात पडलेल्या या तरुणाचा रिकामा वेळ बहुतांशी तिचे व्हिडीओ पाहण्यात जात होता आणि तिला आवडावे म्हणून त्याने स्वतःचे रूप बदलण्याचे प्रयत्न केले होते, असे तपासात दिसून आले. दोघांत कोणताही व्यक्तिगत संबंध नव्हता. त्याआधी १९९६मध्ये आइसलँडची गायिका ब्यर्क हिच्या लंडनमधील पत्त्यावर एका अमेरिकी तरुणाने घातक पार्सल पाठवले होते. तिच्या खासगी नात्याच्या बातमीने तो बिथरला होता. पोलिसांनी ते पार्सल वेळीच अडवले, मात्र त्या तरुणाने आत्महत्या केली.

अशा प्रकरणांत कलाकाराने आपला ‘विश्वासघात’ केला, अशी भावना पुन्हा पुन्हा दिसते. तिचे लग्न, तिचा मित्र, तिची नवी भूमिका या सगळ्यावर आपला हक्क होता, असे वाटू लागले की प्रेम दाव्यात बदलते. ‘सिम्फनी फँटास्टिक’मध्ये नायकाचा हाच प्रवास सुरांत आहे. बर्लिओझ यांच्याकडे तो कागदावर उतरवण्याची प्रतिभा होती. प्रत्येकाकडे ती वाट नसते.

कायदा काय सांगतो?

अमेरिकेत अभिनेत्री रिबेका शेफर हिची १९८९मध्ये एका झपाटलेल्या चाहत्याने हत्या केली. त्यानंतर १९९०मध्ये कॅलिफोर्नियाने पाठलागाविरोधात कायदा केला. असा कायदा करणारे ते अमेरिकेतील पहिले राज्य. भारतात २०१३च्या फौजदारी कायदा दुरुस्तीने भारतीय दंड संहितेत कलम ‘३५४ ड’ आले. १ जुलै २०२४पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ने घेतली आहे. स्त्रीने स्पष्ट अनिच्छा दाखवूनही पुरुषाने तिचा वारंवार पाठलाग करणे, संपर्काचा प्रयत्न करणे किंवा तिच्या इंटरनेट, ईमेल यांच्या वापरावर पाळत ठेवणे हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत, पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंडाची तरतूद आहे. पहिला गुन्हा जामीनपात्र आहे. हे कलम केवळ स्त्रियांना संरक्षण देते. पुरुष कलाकाराचा पाठलाग झाल्यास धमकी, घरात घुसखोरी अशा अन्य कलमांचा आधार घ्यावा लागतो.

वेळीच ओळखायचे कसे आणि करायचे काय?

एखाद्याने आवडत्या कलाकाराचे सगळे प्रयोग पाहणे, भिंतीवर छायाचित्रे लावणे यात काळजीचे कारण नाही. झोप, काम, अभ्यास कोलमडणे, ऐपतीबाहेर खर्च करून तो लपवणे, कलाकाराच्या गाण्यात वा पेहरावात आपल्यासाठी गुप्त संदेश दिसणे, त्याच्या खासगी आयुष्याच्या बातमीने संताप येणे आणि घरचा पत्ता शोधू लागणे ही मात्र इशाऱ्याची चिन्हे आहेत. घरच्यांनी अशा वेळी थट्टा करू नये. थट्टेने माणूस आणखी आत सरकतो. ‘ती तुला ओळखत तरी का?’ असा वाद घालण्याऐवजी ‘तुला झोप का लागत नाही?’ असे विचारले, तर बोलणे सुरू होण्याची शक्यता अधिक. भ्रम असेल, स्वतःला वा इतरांना इजा करण्याची भाषा असेल, तर मनोविकारतज्ज्ञाकडे विनाविलंब जायला हवे. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे.

कलाकारांसाठीही काही पथ्ये आहेत. चाळीस संदेशांकडे दुर्लक्ष करून एकेचाळिसाव्याला वैतागून उत्तर दिले, तर चाळीस वेळा प्रयत्न केल्यावर उत्तर मिळते, एवढेच समोरचा शिकतो. म्हणून एकदाच स्पष्ट नकार द्यावा, त्यानंतर संपर्क टाळावा, संदेश जपून ठेवावेत आणि पोलिसांना कळवावे. समजूत काढण्यासाठी एकट्याने भेटायला जाऊ नये. प्रयोगानंतर रंगपटात जाऊन कलाकाराला भेटण्याची आपल्याकडची प्रथा सुंदर आहे. ती टिकावी यासाठीच नाट्यगृहांनी आणि आयोजकांनी त्या दारावर कुणी तरी जबाबदार माणूस उभा करणे गरजेचे आहे.

स्मिथसन यांनी १८२९मध्ये सहकलाकारांना या माणसावर लक्ष ठेवायला सांगितले होते. पुढची जवळपास दोनशे वर्षे सांगितल्या गेलेल्या प्रेमकथेत त्यांच्या या भीतीला फारशी जागा मिळाली नाही. आज अशी तक्रार कुणी केली, तर ती ‘चाहत्याचे प्रेम’ म्हणून हसण्यावारी नेली जाऊ नये.